वाट अरुंद, शक्ती कमी

चाकणच्या बजाज कारखान्यातून २०११ पासून केटीएम मोटारसायकली युरोपात जाऊ लागल्या. तेथे परवान्यानुसार गाडीच्या शक्तीला मर्यादा असते. २०१३ पासून ए-२ परवान्यासाठी ती ३५ किलोवॅट आहे. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत शक्ती आवरण्यासाठी इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत भोकाची चकती बसवत.

समजा, ३० मिलिमीटरच्या नळीत आपण २० मिलिमीटरचे भोक ठेवले. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून वाट ४/९ उरते. एक ग्रॅम पेट्रोल जळायला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. हवा अडली की शक्ती अडते. इंजिन सावकाश फिरताना मात्र चकती जाणवत नाही. बारीक नळीतून आपण बसल्याबसल्या श्वास घेऊ शकतो, जिना चढताना नाही, तसेच हे.

चकती काढली की शक्ती वाढते, चालवणारा नवशिकाच राहतो. आणि वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. हा हिशेब विद्यार्थ्यांकडून चावी हाती येण्यापूर्वीच करून घ्यावा.