मावळातील लेण्यांमधील पोढी : पाण्याचे धर्मदान

मावळातील भाजे, कार्ले व बेडसे या लेण्यांचा अभ्यास करताना चैत्यगृह, स्तूप व विहार यांकडे प्रथम लक्ष जाते. कातळात खोदलेली पाण्याची टाकी मात्र निव्वळ सोय मानली जाऊन वर्णनाच्या अखेरीस एखाद्या ओळीत उरकली जातात. कोरीव लेखांची साक्ष याहून निराळी आहे.

प्राकृत लेखांत अशा टाक्यास ‘पोढि’ ही संज्ञा आहे. भाजे येथील एका लेखात पोढी हे कौशिकीपुत्र महारठी विण्हुदत्त याचे ‘देयधम’, म्हणजे धर्मदान, असल्याचे नमूद आहे. बेडसे येथील टाक्यावरील लेख महाभोजाची कन्या महारठिनी सामडिनिका हिच्या दानाचा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोरील सिंहस्तंभ हेही एका महारठीचेच, अग्निमित्रणकाचे, दान होय. तात्पर्य, ज्या वर्गाने स्तंभ उभारला त्याच वर्गाने टाके खोदविले, आणि दोन्ही दाने सारख्याच रीतीने लेखबद्ध केली. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखातही लेण्यासह पोढींचा पृथक् निर्देश आढळतो.

यामागील कारण भूमीच्या स्वरूपात शोधावे लागते. सह्याद्रीवर पाऊस विपुल पडतो. परंतु तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून त्वरेने वाहून जातो. उरलेल्या आठ महिन्यांत डोंगराच्या कुशीतील संघवस्ती टिकावयाची, तर पाण्याचा साठा अपरिहार्य होता. कार्ल्याच्या एका राजशासनाने ‘मामालाहारा’तील करजक हे गाव भिक्षूंच्या योगक्षेमासाठी दिले, या ‘मामाल’ शब्दातच आजच्या ‘मावळ’ नावाचे मूळ दिसते. अन्नाची तरतूद गावाच्या दानाने झाली, तशी पाण्याची पोढीच्या दानाने. भिक्षूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याच्या साधनाचा समावेश आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे.

तुलनेने हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. मध्ययुगीन इंग्लंडमधील ग्रामचर्चच्या प्रवेशद्वारापाशी दगडी जलपात्र असे. आत येणारा उपासक त्यात बोटे बुडवून स्वतःवर क्रूसाची खूण करी. तेथे धर्मगुरूने केलेल्या विधीमुळे पाण्यास पावित्र्य येई. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर तो आचार मागे पडला, आणि अशी पुष्कळ पात्रे फोडली गेली. मावळातील वरील लेख पाण्याच्या पावित्र्याविषयी काहीच सांगत नाहीत. त्यांच्या दृष्टीने धर्म आहे तो देण्याच्या कृतीत. म्हणून पोढीस ‘तीर्थकुंड’ म्हणणे जितके अयथार्थ, तितकेच तिला केवळ ‘टाकी’ समजून सोडून देणेही अपुरे ठरते.

यास्तव लेण्यांची पाहणी करताना प्रत्येक पोढीचे स्थान, तोंडाचा आकार, खोली, पाणी आणणारे पाट आणि लगतचा लेख यांची एकत्रित नोंद व्हावयास हवी. लेख टाक्यापासून तोडून वाचला, तर दात्याचे नाव हाती लागते. दानाचा अर्थ मात्र निसटतो.