दुर्गम वाटेची मोटार कशी निवडावी?

बंगळूरहून निघून सह्याद्रीच्या अथवा बिळिगिरी रंगन टेकड्यांच्या अंतर्भागात जावयाचे असले, तर प्रवासाचा बहुतेक भाग डांबरी हमरस्त्यावरून होतो. तीनशे किलोमीटरांच्या वाटेपैकी दोनशे नव्वद किलोमीटर कोणतीही धडधाकट मोटार सुखाने काटते. खरी परीक्षा असते ती शेवटच्या दहा किलोमीटरांत. तेथे डांबर संपते. तांबडी निसरडी माती, पावसाने खणलेल्या चाकोऱ्या, सुटे धोंडे आणि आडवे ओढे सुरू होतात.

या दहा किलोमीटरांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो अशी माणसे थोडी नाहीत. भारतीय विज्ञान संस्थेच्या पर्यावरणशास्त्रज्ञांनी १९८८ साली मुदुमलैच्या अरण्यात पन्नास हेक्टरांचा भूखंड आखला आणि तेथील झाडांची नोंद पुढे वर्षानुवर्षे ठेवली. बिळिगिरी टेकड्यांत सोलिग आदिवासींसाठी डॉ. एच. सुदर्शन यांनी १९८१ साली विवेकानंद गिरिजन कल्याण केंद्र स्थापन केले. अशा कामांत मोटार वाटेत अडून बसली, तर बिघडते ती केवळ सहल नव्हे. नोंदीचा हंगाम हुकतो. कधी रुग्ण वेळेवर दवाखान्यात पोचत नाही. म्हणून दुर्गम वाटेसाठी भरवशाची मोटार कोणती, हा प्रश्न हौसेचा न राहता विचाराचा होतो. त्याचे उत्तर जाहिरातीतील चित्रांवरून न देता यंत्रशास्त्राच्या साध्या नियमांवरून कसे द्यावे, ते येथे पाहू.

चारही चाके कशासाठी?

सामान्य मोटारीत इंजिनाची शक्ती पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांना मिळते. ज्या गाडीत ती चारही चाकांना देता येते, तिला आपण फोर-व्हील ड्राइव्हची गाडी म्हणतो. या रचनेला प्रसिद्धी मिळवून दिली ती अमेरिकन सैन्याच्या विलीज जीपने. हीच जीप १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनी मुंबईत जुळवू लागली, आणि पुढे ‘जीप’ हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत सामान्यनाम होऊन बसला. या जीपची आकडेवारी सर्वज्ञात असल्यामुळे तिचेच उदाहरण घेऊ.

माणसे व सामान धरून जीपचे वजन १,५०० किलोग्रॅम आहे आणि ती तीनास एक अशा चढावर, म्हणजे सुमारे साडेअठरा अंशांच्या उतारपृष्ठावर उभी आहे, असे समजा. गुरुत्वाकर्षण तिला सुमारे ४७५ किलोग्रॅम-भार इतक्या जोराने मागे खेचीत असते. वर चढावयाचे तर चाकांनी जमिनीला याहून अधिक रेटा दिला पाहिजे. परंतु चाक किती रेटा देऊ शकेल हे इंजिनापेक्षाही जमिनीच्या पकडीवर अवलंबून असते. ओल्या मातीवर घर्षणाचा गुणक ०.४ धरला, तर चारही चाके मिळून सुमारे ५७० किलोग्रॅम-भारापर्यंत रेटा देऊ शकतात. केवळ मागची दोन चाके फिरत असतील, तर त्यांच्यावर गाडीचा साठ-पासष्ट टक्केच भार असल्याने हा आकडा साडेतीनशेच्या आसपास येतो. साडेतीनशेने पावणेपाचशेवर मात होणे नाही. चाके जागीच फिरतील, माती उडेल आणि गाडी हळूहळू मागे घसरू लागेल. इंजिन कितीही बलवान असले तरी या हिशोबात फरक पडत नाही.

येथेच एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. चारही चाकांना शक्ती मिळाल्याने गाडी चढू शकते; पण ती अधिक लवकर थांबते किंवा वळणावर कमी घसरते, असे मात्र नाही. ब्रेक तर प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतातच.

लहान गिअरचे सामर्थ्य

जमिनीची पकड मिळाली तरी तिचा उपयोग करून घेणारा रेटा इंजिनाकडून आला पाहिजे. जीपच्या इंजिनाचे पीळबल सुमारे १४.५ किलोग्रॅम-मीटर होते. पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.६६५ आणि मागच्या आसाचे ४.८८. चाकाची त्रिज्या ३६ सेंटिमीटर धरून गुणाकार-भागाकार केला आणि यंत्रातील घर्षणापायी पंधरा टक्के वजा केले, तर चाकांपाशी सुमारे ४४५ किलोग्रॅम-भार उरतात. म्हणजे ४७५च्या चढाला जीप थोडक्यासाठी अपुरी पडते!

ही उणीव भरून काढण्यासाठी मुख्य गिअरपेटीमागे आणखी एक लहान पेटी बसविलेली असते. तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. ती शक्ती पुढे आणि मागे वाटून देते. शिवाय तिच्यात दंतचक्रांची एक जास्तीची जोडी असते. जीपमध्ये या जोडीचे गुणोत्तर १.९७ होते. चालकाने तिचा दांडा ‘लो’वर ओढला की गाडीचा वेग निम्मा होतो आणि रेटा जवळजवळ दुप्पट, म्हणजे सुमारे ८७५ किलोग्रॅम-भार होतो. मग तोच चढ जीप माणसाच्या चालीने, इंजिनाला न दमवता चढून जाते.

उतरताना या लहान गिअरचे मोल आणखी वाढते. कोल्लूरजवळच्या कोडचाद्रीवर अथवा मडिकेरीजवळच्या मांदलपट्टीवर यात्रेकरूंना वर नेणारे स्थानिक जीपचालक उतारावर ब्रेकवर पाय रोवून बसत नाहीत. सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकांची पकड सुटत जाते. लहान गिअरात इंजिनच गाडीला आवरून धरते. म्हणून दुर्गम भागासाठी गाडी पाहताना पहिला प्रश्न असा विचारावा : हिला ‘लो रेंज’ आहे काय? रस्त्यावर दिसणाऱ्या अनेक उंच, धिप्पाड गाड्यांना ती नसते. कित्येकींना तर दोनच चाकांचे चालन असते.

अडलेले चाक आणि मोकळे चाक

वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर काटते. दोन्ही चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू शकावीत म्हणून आसाच्या मध्यभागी डिफरन्शियल नावाचा दंतचक्रांचा जुडगा असतो. त्याचा स्वभाव असा की, तो दोन्ही चाकांना सारखेच पीळबल देतो. एक चाक चिखलात किंवा हवेत मोकळे फिरू लागले, तर त्याला फिरविण्यास नाममात्र बळ पुरते. साहजिकच घट्ट जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढेच नाममात्र बळ मिळते. पुढचे एक आणि मागचे तिरके दुसरे अशी दोन चाके एकाच वेळी अधांतरी झाली, तर चारचाकी चालनाची गाडीही निमूट उभी राहते.

यावर उपाय दोन आहेत. एक, डिफरन्शियलला कुलूप घालणे, म्हणजे दोन्ही चाके एकत्र बांधून टाकणे. दुसरा, मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून बळ दुसऱ्या चाकाकडे वळविणे. पहिला उपाय निश्चित आणि यांत्रिक आहे. दुसरा सोयीचा आहे, पण त्याची मदार विजेच्या उपकरणांवर असते.

अनेक साध्या गाड्यांत चारचाकी चालन जोडल्यावर पुढचा व मागचा दंड एकमेकांस पक्के बांधले जातात. मऊ मातीत चाके थोडी घसरून हा ताण सोडवितात. कोरड्या डांबरावर तशी घसरण होत नाही आणि वळताना दंतचक्रांवर भलता ताण येतो. म्हणून अशा गाडीत हे चालन हमरस्त्यावर सोडवून ठेवावयाचे असते.

घडण, टायर आणि पाणी

गाडीचे पोट जमिनीपासून किती उंच आहे, एवढे पाहून भागत नाही. पुढचे नाक चढाला टेकू नये, शेपूट मागे घासू नये आणि वरंबा ओलांडताना पोट त्यावर टेकू नये, असे तीन कोन साधावे लागतात. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर जितके थोडे, तितके पोट टेकण्याचे भय थोडे. विलीज जीपमध्ये हे अंतर अवघे २०३ सेंटिमीटर होते. तिच्या चपळाईचे एक रहस्य हेच.

टायरमधील हवेचे महत्त्व पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आपल्या १,५०० किलोग्रॅमच्या जीपमध्ये प्रत्येक चाकावर सुमारे ३७५ किलोग्रॅम भार पडतो. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम असेल, तर टायर स्थूलमानाने १८८ चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकतो. दाब १.२ केला की हेच क्षेत्र सुमारे ३१२ होते. वाळूत आणि मऊ मातीत गाडी रुतण्याचे टळते ते यामुळे. मात्र डांबरावर परतताच हवा पुन्हा भरली पाहिजे. कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो. म्हणून हवेचा पंप व दाबमापक यांना अशा प्रवासात स्टेपनीइतकाच मान द्यावा.

पाण्याविषयी तर अधिकच सावध असावे. गोव्यातील कुळे गावाहून दूधसागर धबधब्याकडे जाणारी वाट भगवान महावीर अभयारण्यातून जाते आणि ओढे ओलांडते. प्रवाशांना तेथे स्थानिक जीपगाड्यांतून नेले जाते आणि पावसाळ्यात ही वाट बंद असते. रोज त्या पाण्यातून जाणारे चालकही पुराच्या दिवसांत ते ओलांडीत नाहीत, यातच बोध आहे. इंजिनाच्या हवेच्या नळीतून पाणी आत शिरले, तर ते हवेप्रमाणे दाबले जात नाही. वर येणारा दट्ट्या त्यावर आदळतो आणि त्याचा दांडा वाकतो. मग त्या इंजिनाची दुरुस्ती अरण्यात होणे शक्य नसते.

भरवसा कशाला म्हणावे?

येथवर गाडीच्या सामर्थ्याचा विचार झाला. सामर्थ्य आणि भरवसा या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. जी कधीच बिघडत नाही अशी गाडी अस्तित्वात नाही. जिचा बिघाड आधी ओळखता येतो आणि शेवटच्या गावातील मिस्त्रीला दुरुस्त करता येतो, ती भरवशाची. जुन्या जीपगाड्या डोंगरांत टिकून राहिल्या त्या याच गुणामुळे. त्यांचे पाटे, क्लच आणि पंप कोणत्याही तालुक्याच्या गॅरेजात उलगडता येत.

आजच्या डिझेल गाडीचे एक उदाहरण बोलके आहे. १ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकानंतर डिझेल मोटारींना धुरातील काजळी अडविणारी गाळणी बसविली जाते. गाडी काही वेळ सलग वेगाने चालली की ही गाळणी सुमारे सहाशे अंश सेल्सियसपर्यंत तापून साचलेली काजळी जाळून टाकते. जी गाडी सदैव जंगलातील चार-पाच किलोमीटरांच्या संथ फेऱ्याच करते, तिला ही संधी मिळत नाही. गाळणी तुंबते आणि इंजिनाची शक्ती आवरली जाते. हवा शुद्ध राखणारी ही योजना सर्वथा स्वागतार्ह आहे; पण अशा वापरासाठी पेट्रोल इंजिन अधिक बिनघोर ठरते. लांबचा हमरस्ता नित्य काटावयाचा असेल, तर डिझेलचे बळ आणि काटकसर उपयोगी पडते.

निवड

आता भारतीय बाजारातील काही गाड्या या कसोट्यांवर पाहू. १९८५ साली आलेली मारुती जिप्सी हलकी आणि साधी असल्यामुळे सैन्यात व अभयारण्यांत तीन दशकांहून अधिक काळ वावरली. २०२३ साली विक्रीस आलेली पेट्रोलवरील जिम्नी त्याच परंपरेतील. तिला चौकटीचा सांगाडा व लो रेंज आहे आणि मारुतीच्या दुरुस्तीकेंद्रांचे दाट जाळे हा तिचा मोठा आधार. जागा मात्र बेताची. २०२०च्या महिंद्र थारचे पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच असून उत्पादकाच्या सांगण्याप्रमाणे ती ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते. पण २०२३पासून तीच थार केवळ मागच्या चाकांच्या चालनाचीही मिळू लागली, हे खरेदीपूर्वी तपासावे. फोर्स गुरखा या गाडीत पुढच्या व मागच्या दोन्ही डिफरन्शियलना कुलूप आहे. अत्यंत बिकट वाटेला ती योग्य, हमरस्त्यावर काहीशी जड. बंगळूरजवळच्या बिडदी येथे टोयोटा-किर्लोस्करच्या कारखान्यात जुळविली जाणारी हायलक्स पाच माणसे आणि बरेच सामान नेते. परंतु तिची लांबी अरुंद वळणांवर आणि वरंब्यांवर जाचक ठरते.

जुनी गाडी घ्यावयाची असेल, तर मोकळ्या मातीच्या मैदानात लो रेंज प्रत्यक्ष जोडून पाहावी. डिफरन्शियलमधील तेल काढून पाहावे. ते दुधासारखे पांढुरके दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. मूळ घडणीत केलेले फेरफारही पाहावेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ अन्वये असे मनमानी फेरफार करता येत नाहीत.

सारांश, निवड करणाऱ्याने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. आपणांस खरोखर गाठावयाचा सर्वांत बिकट किलोमीटर कोणता? तो वर्षातून किती वेळा गाठावयाचा? त्या वेळी गाडीत किती माणसे आणि किती भार असेल? आणि तेथून सर्वांत जवळचा जाणता मिस्त्री किती दूर आहे? वर्षातून दोनदाच कोडचाद्रीस जाणाऱ्याने साधी मोटार पायथ्याशी ठेवून स्थानिक जीप घ्यावी, हेच शहाणपणाचे. त्यात त्याचा पैसा वाचतो, वाट ओळखणारा चालक मिळतो आणि गावाला रोजगारही. ज्याचे कामच त्या वाटेवर आहे, त्याने सर्वांत बलवान गाडी न शोधता, आपल्या वाटेला पुरेशी आणि आपल्या मिस्त्रीला परिचित अशी गाडी घ्यावी, आणि तिचे तेल, टायर व ब्रेक नेमाने पाहावेत. रस्त्यावर उपयोगी पडणारा भरवसा कारखान्यात अर्धाच तयार होतो; उरलेला अर्धा मालकाने निगा राखून मिळवावयाचा असतो.