आटे धरतात, अडवत नाहीत

बोअरमधली मोटार जळाली की पाली शिवारातल्या शेतकऱ्याला आधी आठवतो तो चेनपुलीवाला. जुने लोखंडी पाइप असतील तर दिवस गेलाच म्हणायचा. पाइप वर येतात, पण सॉकेट सुटत नाही. दोन बाजूंनी दोन पाने, वर हातोडा, तरीही हलत नाही. शेवटी पाइप कापावा लागतो. शेजारच्या बोअरला नवे यूपीव्हीसीचे कॉलम पाइप असतील तर तेच काम तासा-दोन तासांत आटोपतं. या पाइपांचे आटे टोकदार नसून चौकोनी असतात आणि सॉकेटमध्ये एक रबरी रिंग बसवलेली असते. मोटारीचं आणि पाण्याचं सगळं ओझं आटे पेलतात, पाणी अडवते ती रिंग. टेप लागत नाही, सफेदा लागत नाही.

आटे पाणी अडवतात हा समज नळजोडणीमुळे रुजला. प्रत्यक्षात आटा म्हणजे नळीभोवती गुंडाळलेली एक उतरण. नर आणि मादी आटे कितीही घट्ट बसले तरी त्यांच्या शेंड्याशी आणि मुळाशी बारीक फट राहते, आणि ती मळसूत्राच्या वाटेनं आतून थेट बाहेर जाते. पाणी तीच वाट धरतं. आपल्याकडच्या नळांच्या आट्यांचा ५५ अंशांचा कोन जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्यानं १८४१ मध्ये सुचवलेल्या प्रमाणातून आला. गळती थांबावी म्हणून पाइपाचे आटे निमुळते पाडतात : १६ मिलिमीटर लांबीला व्यास १ मिलिमीटरनं बदलतो. पाचर ठोकल्यासारखा पाइप आत रुतत जातो. उरलेली फट आपण टेफ्लॉन टेपनं भरतो. पूर्वी त्या जागी सूत आणि सफेदा असायचा.

टेप इथे दोन कामं करते. फट भरते, आणि निसरडी असल्यामुळे जोड आणखी एखादा फेरा आत जाऊ देते. प्लास्टिकच्या सॉकेटला हा दुसरा गुण भोवतो. ठिबकच्या फिल्टरजवळ चिरलेले सॉकेट पाहिले, तर पुष्कळदा त्यात टेपचा जाड थर आणि वर पान्याचा जोर असतो. सॉकेट आतून फाकतं आणि महिनाभरानं उभी चीर पडते.

आता हीच टेप घेऊन बंदुकीकडे जाऊ, कारण तिच्या आट्यांनाही काही जण टेप लावतात. ठासणीची बंदूक आपल्याकडे अजून कायद्याच्या पुस्तकात आहे : १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमात पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख सापडतो. तोंडातून दारू आणि छर्रे भरायचे, गजानं ठासायचे, मागून ठिणगी द्यायची. पण नळीचं मागचं तोंड बंद कशानं करायचं? ओतीव तोफेत हा प्रश्नच येत नाही. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, परंड्याहून पुढे विजापूरला गेलेली मलिक-ए-मैदान बुडाशी सलग आहे. बंदुकीची नळी मात्र लोखंड ठोकून, गुंडाळून केलेली, म्हणजे दोन्हीकडून उघडी. जपानच्या तानेगाशिमा बेटावर १५४३ मध्ये पोर्तुगिजांच्या बंदुका पोचल्या. तिथल्या लोहारांनी नळी हुबेहूब केली, अडले ते बुडाच्या आटेदार बुचापाशी. ती विद्या त्यांना पुढच्या वर्षी आलेल्या पोर्तुगीज लोहारानं शिकवली, असं ‘तेप्पोकी’ ही १६०६ ची जपानी बखर सांगते. तलवारीचं पोलाद ज्यांच्या हातचा मळ, ते एका बोल्टापाशी अडले!

या बुचावर किती जोर येतो त्याचा अंदाज घेऊ. नळीचा आतला व्यास १८ मिलिमीटर आणि दाब चौरस सेंटिमीटरला ७०० किलो धरला, तर बूच मागे ढकलणारा जोर होतो पावणेदोन टनांच्या आसपास. ३० मीटर उंच टाकीखालच्या अर्ध्या इंची नळाच्या बुचावर हाच जोर काही किलोंच्या पुढे जात नाही. टेपची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी, आणि टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळतं. काळ्या दारूची ज्योत दोन हजार अंशांच्या घरात जाते. या वायूला टेपनं अडवावं ही अपेक्षाच चुकीची. बुचाचे आटे सरळ असतात, निमुळते नाहीत. वायू अडतो तो बुचाचं सपाट तोंड नळीतल्या खाचेवर धातूला धातू टेकतं तिथे. बोअरच्या रबरी रिंगेचंच काम, फक्त धातूनं केलेलं.

मग अमेरिकेतले शिकारी या आट्यांना टेप किंवा ग्रीस का लावतात? तिथे १९८५ पासून पसरलेल्या नव्या धाटणीच्या ठासणीच्या बंदुकांत हे बूच साफसफाईसाठी दर वेळी काढायचं असतं, आणि ते काढता यावं एवढाच हेतू. (जुन्या बंदुकीचं बूच कायमचं बसवलेलं असतं. त्याला घरी पाना लावू नये.) काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळाल्यावर निम्म्याहून जास्त वजन घन राखेच्या रूपानं मागे राहतं : पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. ही राख हवेतली ओल ओढते आणि लोखंड खाते. आट्यांत ती घट्ट बसली की बूच गंजलेल्या सॉकेटसारखं अडून बसतं. स्टेनलेस स्टीलची तऱ्हा आणखी वेगळी : घासताना वरचा ऑक्साइडचा पापुद्रा निघतो आणि दोन उघडे पृष्ठभाग थंड असतानाच एकमेकांना चिकटतात.

साधं ग्रीस म्हणजे साबणानं धरून ठेवलेलं तेल. बैलगाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या चाकाला ते उत्तम, पण इथे तेल जळतं आणि राखेत मिसळून डांबरासारखा चिकटा होतो. म्हणून तांब्याची, निकेलची किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पूड घातलेलं वंगण वापरतात. तेल उडालं तरी पूड आट्यांत राहते, आणि तीच दोन धातूंना वेगळं ठेवते. तेही बोटभर नव्हे, पुसून घेतल्यासारखं पातळ. टेपचा दोष हा की पान्याखाली तिचे तुकडे पडतात. एखादा तुकडा बुचाच्या तोंडाखाली आला तर जिथे धातूला धातू टेकायला हवा तिथेच फट राहते.

बूच काढल्यावर आट्यांवर काळा पट्टा उमटलेला दिसला, तर वायू त्या तोंडापाशी निसटून आट्यांपर्यंत येतोय असं समजायचं. तिथे ना टेपचा फेरा कामाचा, ना ग्रीसचं बोट. परवानाधारक कारागिराकडून ते तोंड आणि नळीतली खाच तपासून होईपर्यंत त्या बंदुकीत दारू भरायची नाही.