'आणि'चा चकवा

सायंकालीन अभ्यासिकेत शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेताना एक चूक दरवर्षी आढळते. वाक्यात 'आणि' दिसला, की विद्यार्थी ते संयुक्त ठरवून मोकळे होतात. वाक्य लांब असले तरीही तेच उत्तर. वस्तुतः वाक्यात किती विधाने आहेत आणि त्यांचे परस्परांशी नाते काय, यावरून त्याचा प्रकार ठरतो.

'१८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढून जोतीरावांनी अध्यापनाचे काम सावित्रीबाईंकडे सोपविले.' हे वाक्य लांब आहे. पण 'सोपविले' हे एकच क्रियापद विधान पूर्ण करते. 'काढून' हे धातुसाधित असल्याने ते एकटे वाक्य पुरे करू शकत नाही. म्हणून हे केवल वाक्य होय. 'जोतीरावांनी शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या' हे मात्र संयुक्त. कारण 'आणि' वगळला तरी दोन्ही वाक्ये स्वतःच्या पायावर उभी राहतात. आता 'जोतीराव आणि सावित्रीबाई हे पतिपत्नी होते' याची दोन वाक्ये करून पाहावीत. ती होत नाहीत. येथे 'आणि' दोन शब्दांना जोडतो, वाक्यांना नव्हे.

मिश्र वाक्यात विधानांचा दर्जा समान नसतो. 'जे पाणी पशुपक्ष्यांना खुले होते, ते माणसांना नाकारले जात होते' यातील पहिला भाग दुसऱ्याच्या आधारानेच उभा आहे.

संयुक्त वाक्यात उभयान्वयी अव्यय अर्थाची दिशा ठरविते. '१९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. परंतु महाडचे चवदार तळे त्यांना बंदच राहिले.' १९२७ चा सत्याग्रह का करावा लागला, याचे उत्तर या 'परंतु'मध्ये आहे.

शब्दसंबंधाच्या प्रश्नांतही नातेच शोधावयाचे असते. 'बुद्ध : लुंबिनी :: बाबासाहेब : ?' पर्याय महू, नागपूर, मुंबई, दिल्ली. आपल्या मुलांच्या ओठांवर प्रथम नागपूर येते, कारण दीक्षाभूमी मनात घर करून असते. परंतु पहिल्या जोडीतील नाते जन्मस्थानाचे. म्हणून उत्तर महू. लुंबिनीच्या जागी कुशीनगर आले, तर नाते महापरिनिर्वाणाचे होते व उत्तर दिल्ली. चैत्यभूमी डोळ्यांसमोर असलेला विद्यार्थी तेथे मुंबई लिहून गुण गमावतो. यास उपाय सोपा आहे. पर्याय पाहण्यापूर्वी पहिली जोडी वाक्यात म्हणावी, 'बुद्धांचा जन्म लुंबिनीत झाला', आणि त्याच वाक्यात दुसरी जोडी बसवून पाहावी.

पालकांनी हा प्रश्न केवळ गुणांचा समजू नये. 'अर्ज मान्य करण्यात आला आहे; परंतु पंधरा दिवसांत मूळ प्रमाणपत्रे सादर न केल्यास तो रद्द होईल' असे पत्र घरी येते, तेव्हा पहिलेच विधान वाचून आनंद मानणाऱ्याचे नुकसान होते. आपल्या आजोबा-पणजोबांना दुसऱ्याने वाचून दाखविलेल्या कागदावर अंगठा उठवावा लागे. त्यांच्या नातवंडांनी तो कागद 'परंतु'च्या पुढेही स्वतः वाचावा, एवढ्यासाठी हे व्याकरण.