रूपकुंड: शांत तळं आणि प्रश्नात लपलेलं गृहीतक

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, त्रिशूळ शिखराच्या पायथ्याशी, सुमारे ५,००० मीटर उंचीवर रूपकुंड आहे. लोहाजंगहून निघालं की आधी दाट जंगल लागतं, मग बेदनी बुग्यालची मोकळी कुरणं, आणि शेवटी नुसते दगड नि बर्फ. तळं जेमतेम ४० मीटर रुंद, वर्षाचा बराच काळ गोठलेलं. आजूबाजूचं दृश्य सुंदर आहेच. पण बर्फ वितळला की काठावर आणि पाण्यात माणसांची हाडं दिसू लागतात. एकदोघांची नाही, शेकडो माणसांची.

साहजिकच सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: हे लोक कसे मेले?

उत्तरंही मिळत गेली. नंदादेवीच्या यात्रेचा मार्ग इथूनच जातो, म्हणजे ते यात्रेकरू असणार. काही कवट्यांवर न भरलेल्या जखमा आहेत, म्हणजे मोठ्या गारांचा मारा झाला असणार. सुरुवातीच्या थोड्या नमुन्यांचं कार्बन डेटिंग नवव्या शतकाच्या आसपास येत होतं. झालं, एक वादळ, एक जथा, एक दिवस! गोष्ट छान जुळली.

२०१९ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये ३८ व्यक्तींच्या अवशेषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हैदराबादच्या सीसीएमबीचे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचेही संशोधक होते. डीएनएवरून तीन गट निघाले:

- २३ जण दक्षिण आशियाई वंशाचे
- १४ जण पूर्व भूमध्यसागरी वंशाचे, म्हणजे आजच्या ग्रीस-क्रीटच्या लोकांशी जवळचे
- १ जण आग्नेय आशियाई वंशाचा

आता कार्बन डेटिंग बघा. पहिला गट इ.स. ८०० च्या आसपासचा, आणि तोही एकाच वेळी मेलेला दिसत नाही. बाकीचे १५ जण इ.स. १८०० च्या आसपासचे. मध्ये तब्बल हजार वर्षं! हाडांमधल्या समस्थानिकांवरून आहार कळतो. तिथेही पहिल्या दोन गटांत फरक दिसला. तीन वेगळ्या पद्धती, आणि तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. म्हणून या निष्कर्षाला वजन आहे. भूमध्यसागराकडची माणसं इतक्या उंचावर का आली, हे कोडं मात्र अजून सुटलेलं नाही.

आपल्या कामाचा मुद्दा इथे आहे. गारांची कल्पना काही जणांपुरती खरीही असू शकेल. अडचण 'कसे मेले' या शब्दांत नव्हती, ती 'हे लोक' या शब्दांत होती. एका जागी सापडले म्हणून सगळे एकाच घटनेत मेले, हे बहुतेकांनी गृहीतच धरलं होतं. त्यात दरडी कोसळून आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हाडं हलवून मूळ मांडणी बिघडलेली. त्यामुळे थरांवरून काळ ठरवायची सोयही उरली नाही. (कधी अशा ठिकाणी गेलात तर काहीही उचलू नका, फोटोसाठी रचूनही ठेवू नका. तो कुणाचा तरी डेटा आहे, आणि त्याआधी कुणाचं तरी शरीर.)

प्रपोजल लिहिताना एक करून बघा. तुमच्या प्रश्नातल्या समूहवाचक शब्दाखाली रेघ मारा. 'या गावातली मुलं शाळा का सोडतात?' यात 'मुलं' म्हणजे मुलगे आणि मुली दोन्ही का? सगळ्यांनी एकाच इयत्तेत, एकाच वर्षी शाळा सोडली का? नमुना गोळा करायच्या आधी हे विचारलं, तर 'का'चं उत्तर शोधायला पुढे खूप सोपं जातं.