संगणक-पेटीचे शीतन व नीरवता

मेजावरील संगणकाच्या पेटीत निर्माण होणारी उष्णता, पंख्यांचा आवाज कमीत कमी ठेवून, बाहेर काढण्याची व्यवस्था. संगणकाने घेतलेल्या जवळजवळ सर्व विद्युत् ऊर्जेचे अखेर उष्णतेत रूपांतर होते. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाचा वीजपुरवठा संच केवळ ६३.५ वॉटचा होता. त्याच्या प्रोसेसरवर पंखा तर नव्हताच, उष्णता पसरविणारा धातूचा ठोकळाही नव्हता. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या आजच्या संगणकास पूर्ण भाराखाली ३०० वॉट किंवा त्याहून अधिक शक्ती लागू शकते.

ही उष्णता हवा वाहून नेते. ३०० वॉट उष्णता काढताना हवेच्या तापमानातील वाढ १०° से.पर्यंत मर्यादित ठेवावयाची असेल, तर समुद्रसपाटीवर २०° से. तापमानाची हवा पेटीतून दर सेकंदाला सु. २५ लि. या प्रमाणात वाहावी लागते. पुणे जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतील बारामती व इंदापूर परिसराची उंची सु. ५०० मी.हून अधिक असून उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४०° से.च्या आसपास जाते. अशा विरळ हवेत त्याच कामासाठी सु. २८ लि. हवा लागते. हा फरक किरकोळ आहे. खरी अडचण निराळी आहे. भार व पंख्यांची गती तीच असताना प्रोसेसर खोलीपेक्षा साधारणतः ठराविक अंशांनी अधिक तापतो. त्याची मर्यादा १००° से. मानल्यास २२° से.च्या खोलीत ७८ अंशांची मोकळीक मिळते, तर ३८° से.च्या खोलीत ६२ अंशांचीच. मर्यादा गाठताच प्रोसेसर आपली गती आपोआप उतरवतो व काम रेंगाळते. म्हणून थंड देशांतील खोल्या गृहीत धरून केलेल्या नीरव संगणकाच्या शिफारशी येथे जशाच्या तशा स्वीकारता येत नाहीत.

पंख्याची गती निम्मी केली की प्रवाहही निम्मा होतो, पण आवाज सु. १५ डेसिबेलने उतरतो. दोन सारख्या पंख्यांचा एकत्रित आवाज मात्र एका पंख्यापेक्षा ३ डेसिबेलनेच जास्त असतो. यामुळे पूर्ण गतीच्या एका पंख्याऐवजी निम्म्या गतीचे दोन पंखे लावल्यास जवळपास तेवढीच हवा सु. १२ डेसिबेल कमी आवाजात मिळते. मोठा पंखाही असाच लाभदायक ठरतो : ८० मिमी.च्या पंख्याचे काम त्याच घडणीचा १२० मिमी.चा पंखा सु. एक-तृतीयांश गतीने करू शकतो. पेटीला आतून ध्वनिशोषक फेस लावण्याचा उपाय जाहिरातीत दिसतो तितका प्रभावी नाही. तो उच्च कंप्रतेचा आवाज काहीसा दाबतो, पण झरोके अरुंद झाल्यास पंख्यांना अधिक वेगाने फिरावे लागते. तबकडीच्या हार्ड डिस्कची घरघर रबरी आधारांनी कमी होते व सॉलिड स्टेट डिस्क वापरल्यास उरतच नाही.

या भागात धुळीचा विचार प्रथम करावा लागतो. कोरड्या महिन्यांतील मातीच्या जोडीला उसाच्या गाळप हंगामात कारखान्यांच्या धुराड्यांतून येणारी काजळी आणि शेतात पाचट जाळल्याने उडणारी राख असते. हे कण उष्णता पसरविणाऱ्या धातूच्या पातळ पात्यांमध्ये साचले की प्रवाह अडतो आणि तीच थंडाई राखण्यासाठी पंख्यांची गती, पर्यायाने आवाज, वाढतो. हवा आत घेणाऱ्या पंख्यांपुढे जाळी बसवून त्यांचा प्रवाह बाहेर टाकणाऱ्या पंख्यांपेक्षा थोडा अधिक ठेवल्यास फटींतून धूळ आत ओढली जात नाही. जाळी मात्र वेळोवेळी साफ करावीच लागते. तुंबलेली जाळी नसलेल्या जाळीपेक्षा वाईट. संगणक-मेजाच्या बंद कप्प्यात पेटी ठेवण्याची रूढ पद्धतही घातक आहे, कारण बाहेर टाकलेली ऊन हवाच पुन्हा आत येते.

नीरवता व शीतन यांची गरज येथे सहसा एकाच वेळी तीव्र नसते. मे महिन्यातील दुपारी छताचा पंखा किंवा कूलर चालू असतो व त्याच्या आवाजात संगणकाचा आवाज लपतो. डिसेंबरच्या शांत रात्री बारीक घरघरही खटकते, पण तेव्हा खोलीच गार असते. म्हणून पंख्यांची गती कायमची ठरवून न टाकता ती तापमानानुसार बदलू देणे इष्ट. कोरड्या हवेत कूलरने खोली जितके अंश उतरते, साधारण तितकेच प्रोसेसरचे तापमानही उतरते. मात्र त्याचा तुषारयुक्त झोत थेट पेटीवर येऊ देऊ नये.

जलशीतनात पाणी उष्णता प्रोसेसरपासून दूर नेते. पण घरगुती संचात ती शेवटी पंख्यांनीच हवेत सोडावी लागते व पंपाच्या आवाजाची भर पडते. साध्या वापरासाठी मोठा धातूचा ठोकळा व संथ पंखा पुरेसा होतो.