डाव्या कुशीत कळ? नुसता वायू समजू नका

पोटात डावीकडे, बरगड्यांखाली पानथरी असते. वरचेवर हिवताप आला की ती वाढते. अशी पानथरी गरोदरपणी किंवा बाळंतपणानंतर पडल्याने, मार बसल्याने, क्वचित आपोआपही फुटते. रक्त पोटातच साठते, बाहेर दिसत नाही; म्हणून घरची माणसं 'वायू धरला' म्हणत शेकत बसतात. कारभाऱ्यांनो, ध्यानात ठेवा: डाव्या बरगडीखाली व डाव्या खांद्यात कळ, घेरी, अंग पांढरंफटक, गार घाम. पोट चोळू देऊ नका. लगेच १०८ ला फोन करा. रक्त व शस्त्रक्रियेची सोय असेल तिथेच न्या. पानथरी काढली तरी बाई जगते, मात्र पुढे साधा तापही अंगावर काढू नये. तिची तब्येत भरून येईपर्यंत पाळणा लांबवा. डॉक्टरांना विचारून तांबी बसवा. सरकारी दवाखान्यात ती मोफत बसवतात.